टेपची दुसरी बाजू

कटिंगच्या टेबलावर तीन कात्र्या, पाच खडू, अकरा बॉबिन आणि आईचा उजवा हात होता. मनगटाचं प्लास्टर निघालं होतं, पण बोटं तळव्यापर्यंत वळत नव्हती. कात्री धरणं दूरच. फिजिओथेरपिस्टने रिपोर्टवर प्रगतीच्या रकान्यात एकच शब्द लिहिला होता : इन्क्रिमेंटल.

"इन्क्रिमेंट म्हणजे पगारवाढ ना? मग माझी कुठे अडली?" आई म्हणाली. "सरळ लिहायचं की, बाईचं काही खरं नाही. शनिवारी ती पडदे शिवणारी, पडदेवाली, येतेय माझं शिलाई मशीन बघायला. देऊन टाकते."

"थांब गं. शब्द तरी बघू दे."

मी शब्दकोश उघडला आणि उभीच राहिले. "आई, ऐक! मूळ लॅटिन आहे, वाढणं या अर्थाचं. त्याच मुळापासून चंद्रकोरीचा इंग्रजी शब्द आलाय, क्रेसंट! चंद्र वाढतो तसं. आपण काय म्हणतो?"

"कलेकलेने," आई सहज म्हणून गेली आणि माझ्याकडे बघत राहिली. "त्यांनाही तेच सुचलं होय?"

"तेच! उडी नाही, भर. आमच्या प्रयोगशाळेत सर हा शब्द नाक मुरडून वापरतात, 'काय, नुसतं इन्क्रिमेंटल!' पण त्यात प्रत्येक भर आधीच्या भरीवर बसते."

"बसते तर दिसत का नाही? रोज टेप लावते मी. बोटापासून तळव्यापर्यंत दीड इंच. काल दीड, आज दीड."

"दाखव बरं."

तिने बोटं वळवली, डाव्या हाताने टेप लावली. बोटाचं टोक दीडच्या रेघेच्या किंचित पुढे होतं.

"दीड," आई म्हणाली.

"हे दीडहून जास्त आहे!"

"पाव इंचाखाली कोण मोजतं? पँट शिवायचीय की घड्याळ?"

मी जवळजवळ ओरडलेच. "अगं, तिथेच सगळं गडप होतंय! पाव इंच म्हणजे सहा मिलिमीटरच्या वर. तेवढा फरक पडेपर्यंत तुला दीडच दिसणार!"

मी टेप उलटी केली. एकोणचाळीस मिलिमीटर.

"शनिवारपर्यंत व्यायाम कर. दोन मिलिमीटर कमी झाले तर मशीन इथेच राहणार. एक धरायचा नाही, तो माझ्या हाताच्या थरथरीत जाईल."

"आणि नाही झाले तर?"

"तर मी स्वतः मशीन उचलून तिच्या टेम्पोत ठेवीन."

"तुझ्याने बॉबिन उचलवत नाही," आई म्हणाली आणि स्पंजचा चेंडू दाबायला लागली.

शनिवारी पडदेवाली आली ती थेट मशीनच्या चाकावर हात ठेवूनच उभी राहिली.

"बसा हो जरा," आई तिला म्हणाली. "आधी माप घेऊ दे."

आईने बोटं वळवली. मी टेप लावली. पडदेवालीही वाकून बघायला लागली.

इंचाच्या बाजूने, दीड. दुसऱ्या बाजूने, छत्तीस मिलिमीटर.