शकूरने बसवलेलं बेअरिंग

शकूर मिस्त्रीने इंजिनच्या केसिंगच्या सांध्यावर लाकडी हातोडी हलकेच मारली, तसा दीपक स्टुलावरून उठून थेट त्याच्या खांद्याशी येऊन उभा राहिला.

"उजेड सोड, बेटा."

दीपक अर्धं पाऊल सरकला. नजर हटली की माल बदलला, हे त्याने धरूनच ठेवलं होतं. म्हणून तर साक्षीला चुलतभाऊ भागवतलाही आणलं होतं.

ही जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल त्याच्या थोरल्या भावाची, गोकुळची. मातीतल्या शर्यतींत तिचं नाव होतं. शकूरने तिच्या क्रँकची दोन्ही बेअरिंगं बदलली आणि पुढच्याच शर्यतीत, संग्रामपूरच्या माळावर, इंजिन भर वेगात जाम झालं. गोकुळ फेकला गेला. मांडीत सळी घालावी लागली. आता तो काठी घेऊन चालतो. शकूरने नवी म्हणून जुनीच बेअरिंगं धुऊन-पुसून घातली, असं दीपकने अमडापूरभर सांगितलं. तेव्हापासून गॅरेजकडे चिटपाखरू फिरकत नव्हतं. गोकुळ मात्र सारखा म्हणायचा, इंजिन उघडू नोको. शकूरवरच्या मायेपायी भाऊ आंधळा झालाय याची दीपकला भारी चीड होती. आणि गाडी आणल्यावर शकूरनेही दोनदा टाळाटाळ केली, तेव्हा तर त्याची खात्रीच पटली.

केसिंग उघडलं. बेअरिंग निळं-काळं पडलं होतं.

"पाय बे, भागवत," दीपकने बोट दाखवलं.

"जळलं की," भागवत वाकून म्हणाला आणि चहा सांगायला बाहेर पडला.

शकूरने बेअरिंगच्या कडेवरून कापड फिरवलं. कोरलेला नंबर लख्ख दिसला. घासलेलं, झिजलेलं तिथे काहीच नव्हतं. दीपकने नखाने खरवडूनही पाहिलं. बेअरिंग नवंच होतं.

"मंग जळलं काऊन?"

शकूरने बेअरिंग बाजूला ठेवलं.

दीपकने केसिंगच्या आत बोट फिरवलं. तेलाचा ओशटपणा कुठेच लागला नाही.

"तेल कुठी गेलं?"

"राहू दे ना. नवं बसवून देतो."

"लपवून काय राह्यले तुम्ही?"

शकूरने सुस्कारा टाकला. टाकीचा कॉक सोडून त्याने दीपकच्या तळहातावर थोडं पेट्रोल घेतलं. त्या शर्यतीपासून ते टाकीत तसंच पडून होतं. बघता बघता ते उडून गेलं आणि तळहात कोरडा झाला.

"या गाडीले पेट्रोलातच ऑइल मिसळा लागते. मिसळलं असतं, त हात चिकट झाला असता."

दीपक हाताकडे बघत राहिला. त्या सकाळी गोकुळ गाडीवर नंबर चिकटवत होता. टाकी भरून आण, म्हणाला. दीपकच्या स्वतःच्या नव्या गाडीत नुसतं पेट्रोल टाकलं की झालं. त्याने तसंच भरून आणलं होतं. ऑइलची पुडी आठवलीच नव्हती.



"गोकुळले मालूम हाये?"

"इंजिन जाम झालं तवाच त्याले समजलं. दवाखान्यातच म्हणे, चाचा, दीपकले कळू देऊ नोका. जिवाले लावून घेईन."

"आन् तुम्ही गावाचं एवढं ऐकून घेतलं?"

शकूर खाली बघून पाना पुसत राहिला. एवढ्यात चहाचे ग्लास घेऊन भागवत आला.

"मंग? निघाली का लबाडी?"

"माझंच चुकलं," शकूर मान वर न करता म्हणाला. "बेअरिंग नीट बसलं नव्हतं."

दीपकला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता नुसतं गप्प राहिलं की भागत होतं. गाव शकूरला दोषी ठरवून कधीच मोकळं झालं होतं.

"नाही," तो म्हणाला. "पेट्रोल म्या भरलं होतं. बिनाऑइलचं."

"म्हंजे?" भागवतला उमगेना.

दीपकने त्याच्या हातातले ग्लास घेऊन शकूरपुढे ठेवले.

"चाल चौकात. सगळ्यायले तिथंच सांगतो."