वाकणाऱ्या पात्याची तक्रार

मी एक जुनं पातं आहे. बर्फ लोटायचं पातं. आणि मी आजवर बर्फ पाहिलेला नाही.

हसू नका, मित्रांनो. कोल्हापुरात बर्फ कुठला, हे मलाही ठाऊक आहे. रसाच्या गाड्यावर गोणपाटात गुंडाळलेला असतो, तेवढाच. पण माझा जन्म शिरोली एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये झाला आणि तिथं परदेशातल्या बागेच्या छोट्या ट्रॅक्टरांसाठी पाती बनत. जाड पत्रा रोलरमधून काढून मला कमान दिली. पाठीला दोन दणकट स्प्रिंगा लावल्या. त्या स्प्रिंगा लक्षात ठेवा. माझं सगळं भांडण त्यांच्यावरून आहे.

बर्फाखाली काय दडलंय ते दिसत नाही. दगड असेल, फरशीची कड असेल. पातं त्यावर आदळलं की स्प्रिंगा ताणतात, माथा पुढं झुकतो, खालची कड मागं वळते आणि पातं अडथळ्यावरून सरकून पुन्हा उभं राहतं. धक्का ट्रॅक्टरला लागत नाही, चालवणाऱ्यालाही नाही. एवढंच माझं शिक्षण.

माझं एक भोक सूतभर सरकलं होतं. तपासणाऱ्याने खडूने फुली मारली. सोबतची पाती खोक्यांत बसून बंदराकडे गेली. मी कुंपणाशी पडलो, आणि तिथून भंगाराच्या दुकानात.

मी एक जुनं भंगार आहे.

होय, पुन्हा पहिल्यापासून सांगतोय. आयुष्यही पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं, त्याला मी काय करू?

त्या वर्षी पंचगंगेला महापूर आला होता. पाणी उतरल्यावर नदीकाठच्या एका गावातून आकाराम नावाचा वयस्क शेतकरी दुकानात आला. उसाच्या सरीतून चालणारा छोटा, जुना ट्रॅक्टर त्याच्याकडे होता. त्याने मला पायाने उलटं केलं.

"पावणं, हे काय हाय?"

"कुणास ठाव. फॉरेनचा माल हाय," दुकानदार म्हणाला.

"मग हितं काय करतोय?"

"तुमचीच वाट बघत हुता की!"

गावात गुडघाभर गाळ होता. आकारामच्या शेजारणीचा, धोंडुबाईचा गोठा अरुंद बोळाच्या टोकाला, आणि जेसीबी बोळाच्या तोंडाशीच अडकत होता. तिची म्हैस हायवेच्या कडेला ताडपत्रीखाली बांधलेली. दिवस भरलेली. त्यात ऊन पडलं होतं, आणि गाळ वाळला की पहार लागते.

"भावजी, ट्रकचा भोंगा वाजला की अंग चोरती ओ ती," धोंडुबाई म्हणाली. "तितं व्याली तर काय जगायचं न्हाय. काय बी करा, पर माजा गोठा मोकळा करून द्या."

"करतो की वैनी. रडू नगा."

गुंडू वेल्डरने मला बसवलं. ट्रॅक्टरच्या चॅसीला पुढून दोन अँगल बोल्टने आवळले, त्यात मला पिनांवर टांगलं, वर-खाली करायला आकारामच्या हाताशी लांब दांडा दिला. सरकलेलं भोक त्याने ड्रिलने मोठं केलं. कपातला चहा निवायच्या आत झालं ते! ज्या भोकापायी मला आयुष्यातून उठवलं, ते भोक! असो. नाही, असो कशाला? राग येतो तर येतो.

मग गुंडूने माझ्या खालच्या कडेला लाथ घातली. मी झुकलो आणि टणकन उभा राहिलो. पहिल्यांदाच कुणीतरी माझी विद्या पाहत होतं. माझी छाती फुगली.

"आरं, हे तर लुळं हाय की!" गुंडू ओरडला.

"म्हणूनच भंगारात टाकलं आसंल," आकाराम म्हणाला.

"थांबा आण्णा. आसं ताठ करतो, हत्ती आला तरी हलायचं न्हाय."

जनरेटर सुरू झाला. ठिणग्या उडाल्या. गुंडूने दोन्ही स्प्रिंगा वेल्डिंगने पक्क्या करून टाकल्या.

मित्रांनो, मला तोंड नव्हतं. असतं तर मी त्या माणसाला काय बोललो असतो, ते तुमच्या वयाच्या मुलांसमोर सांगता येत नाही.

बोळात मी गाळ लोटू लागलो. "लोण्यागत निगतोय!" लोक म्हणाले. तेवढ्यात चिखलात बुडालेल्या नळाच्या कट्ट्यावर मी धडकलो. वाकायला गेलो, वाकता येईना. धक्का अँगलमधून चॅसीत गेला, चॅसीला केसाएवढी चीर पडली, आणि आकारामची छाती स्टिअरिंगवर आपटली. श्वास परत यायला त्याला वेळ लागला.

"ट्रॅक्टर म्हातारा झालाय," कुणीतरी म्हणालं.

खोटं! तो मार मी गिळायचा होता. त्या बिचाऱ्या ट्रॅक्टरने गिळला, आणि वर नावंही त्यालाच ठेवली!

छाती चोळत आकाराम पुन्हा बसला. गोठ्याशी पोचलो.

"भावजी, दमानं! हितं दगडी उंबरा हाय!" धोंडुबाई हात हलवत ओरडली. इंजिनाच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही.

मी उंबऱ्यावर आदळलो. आणि गुंडूचं वेल्डिंग दोन्हीकडून तुटलं.

मी झुकलो. उंबऱ्यावरून सरकलो. उभा राहिलो. जन्मल्यापासून पहिल्यांदाच मी माझं काम केलं होतं.

"मोडलं! मोडलं!" सगळा बोळ ओरडत होता.

आकाराम एक हात छातीवर धरून, डोळे मिटून बसला होता. त्याने एक डोळा उघडला.

"आँ? ह्या वक्ताला काय लागलंच न्हाय की."

मोडलेला म्हणूनच मी संध्याकाळपर्यंत तो गोठा उपसला. दुसऱ्या दिवशी म्हैस स्वतःच्या खुंट्याला व्याली. रेडी झाली. धोंडुबाईने खरवस केला, आकारामला वाटी, गुंडूला वाटी.

मी एक जुनं, लाडकं पातं आहे.

ही तिसरी सुरुवात. सगळ्यात वाईट हीच.

"माजं वेल्डिंग सुटलं म्हंजे माजीच लाज गेली," गुंडू म्हणाला. "आण्णा, फुकट डब्बल मारून देतो."

"सुटलं तवा हलकं लागत हुतं रे मला."

"भास झाला तुमास्नी. कंबर मोडलेलं पातं कुटं चालतंय व्हय?"

आणि आकाराम गप्प बसला! ज्याच्या छातीला फरक कळला होता, तोच गप्प बसला! चॅसीची चीर भरून घेतली, मला पिवळा रंग दिला, स्प्रिंगांवर वेल्डिंगचा दुहेरी थर चढला.

खंडेनवमीला ट्रॅक्टर धुतला. माझ्या गळ्यात झेंडूची माळ घातली. धोंडुबाईने हळदीकुंकू आणलं, डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "बाबा, तू हुतास म्हणून माजी म्हस वाचली." आणि तिने कुंकू नेमकं त्या वेल्डिंगवर लावलं.

मित्रांनो, घरात एखादी वस्तू आणली, तर तिला आपल्या मनासारखं करायच्या आधी ती कशासाठी केली होती, ते कुणाला तरी विचारा. लाथ मारून पाहू नका. पाहिलीत, तर ती वाकली म्हणून चिडू नका.

आणि तुमच्यापैकी कुणी या बाजूला आलं, तर येताना लोखंड कापायची हॅकसॉ घेऊन येणाऱ्या एखाद्या मोठ्या माणसाला सोबत आणा. मी ट्रॅक्टरच्या तोंडाशीच आहे, कुंकवाचा डाग अजून दिसतो. तिथंच कापायचं आहे. गुंडू रागावेल, रागावू द्या. पावसाळा तोंडावर आलाय, उंबरा आहे तिथंच आहे, आणि पूर ओसरला की स्टिअरिंगवर आकारामच बसणार आहे.