शिडीवरून पाहिलेली तीनशे चित्रं

मी एक जुनी शिडी आहे. सागवानाची, अकरा पायऱ्यांची आणि खरं सांगायचं तर जराशी भावखाऊ. मित्रांनो, पुसदच्या उकंडा सुताराने मला घडवलं तेव्हा तो म्हणाला होता, "हत्ती चढला तरी कुरकुरनार नाही!" हत्ती काही आला नाही. मी लोहाऱ्याच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात आले.

तिथे कापसाच्या उंच गंज्या असत. माझ्यावरून माणसं वर चढत, आणि खाली हंसाबाई इतर बायकांसोबत कापूस निवडत बसे. किडीने खाल्लेल्या पिवळ्या कापसाची कवडी असो की वाळलं पान, तिच्या बोटांतून काही सुटत नसे.

मग कापसाचे वाईट दिवस आले. गंज्या बसत बसत नाहीशा झाल्या आणि जिनिंग बंद पडलं. मालक रामधनजींनी रिकाम्या शेडमध्ये आपला जन्मभराचा नाद टांगला. गेल्या शतकातल्या नव्या वळणाच्या चित्रकारांची तीनशे चित्रं! तिकोनी गाई, निळ्या बाया, कुठे नुसतेच ठिपके. मला तर हसूच आवरेना. चित्रांवरची धूळ पुसायला मी आणि हंसाबाई, अशा दोघीच कामावर राहिलो. बाकीच्या साऱ्या जणी घरी बसल्या होत्या, म्हणून ती हे काम जिवापाड जपे.

एका चित्रावर खराखुरा कापूस चिकटवलेला होता, कवडी आणि काडीकचऱ्यासकट. हंसाबाई माझ्यावर चढली आणि दिवसभर बसून तिने त्यातला सगळा कचरा निवडून काढला.

"मालक, पाहा बरं, कसा पांढराशुभ्र झाला!"

रामधनजींनी डोक्याला हात लावला. "अवं बाई, ते घाण नव्हती! चित्रकारानं मुद्दाम लावलतं ते. आता तो मानूसही नाही राह्यला."

हंसाबाई माझ्या खालच्या पायरीवर मटकन बसली. "म्हणजे माहं काम गेलं."

"कचरा कुठी फेकला?"

"फेकीन कायले? जिनिंगमधी मुकादमाले दाखवा लागे ना!" तिने पदराची गाठ सोडली. सगळं त्यात होतं.

रामधनजींनी त्या चित्राचा जुना काळा-पांढरा फोटो आणला. त्यात जागा दिसत होत्या, पण पान, काडी, कवडी सारं सारखंच काळं. कोणता तुकडा कुठला, हे फक्त हंसाबाईला ठाऊक होतं. चार दिवस ती माझ्यावर बसून एकेक कण डिंकाने लावत होती. मी एकदाही कुरकुरले नाही.

पाचव्या दिवशी रामधनजींनी फोटो धरून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "हंसाबाई, उद्या येळेवर येजो."

त्या आनंदात ती भराभर उतरली आणि माझी सातवी पायरी कडकन मोडली.

"लागलं तर नाही ना? नवी लोखंडी आणू," रामधनजी म्हणाले. "हे टाक सरपनात."

मित्रांनो, माझा सगळा भाव उतरला. पण हंसाबाई त्या चित्राकडे पाहत होती.

"मालक, मी जलमभर जे निवडून फेकलं, ते या मानसानं भिंतीवर मांडलं. अन् तुमी एका पायरीपायी हिले जाळून राह्यले?"

रामधनजी हसले. त्यांनी उकंडाला बोलावणं धाडलं.

आता माझी सातवी पायरी बाकीच्यांहून गोरी आहे. मित्रांनो, मोडलेली वस्तू चुलीत घालण्याआधी एकदा तिच्याकडे नीट पाहा. आणि चित्रं पाहायला आलात तर माझ्यावर जरूर चढा, फक्त चपला काढून. सातवीला अजून गुदगुल्या होतात.