जिनातल्या बायांचे शब्द

गोदामाचं दार आतून लावलेलं होतं आणि गोजरबाई ते पहारीनं ठोकत होती. कापसातून सरकी काढणाऱ्या रेच्यांच्या घरघरीत तो आवाज कुणालाच ऐकू जात नव्हता, पण ज्याला जायला हवा होता त्याला तो जात होता. दहाव्या की बाराव्या घावाला कडी निघाली. आधी इंद्रभान मुकादम बाहेर आला, टोपी नीट करत, जसा काही कापूस ओला आहे की कोरडा ते बघायलाच आत गेला होता. मागून रुख्मिणी आली. तिच्या डाव्या हातातल्या बांगड्या फुटल्या होत्या आणि मनगटातून रक्त येत होतं.

"वाऱ्यानं लागलं दार," मुकादम म्हणाला.

"आन कडी? तेबी वाऱ्यानंच लागली काय?"

तो रेच्यांकडे निघून गेला. पहार अजून गोजरबाईच्या हातातच होती, आणि ती त्याच्या पाठीत का घातली नाही याचा राग तिला पुढं कितीतरी दिवस येत राहिला.

रुख्मिणी रोहिणखेडच्या अंबूबाईची लेक. विशीतली, नवऱ्यानं टाकलेली. गोजरबाईचं घर त्याच गल्लीत. हंगामाला मलकापूरला निघताना तिनं अंबूबाईला शब्द दिला होता की पोरीला नजरेआड होऊ देणार नाही. बावीस हंगाम तिनं या जिनात रेच्याला कापूस घातला होता, तिच्या भरवशावर गावोगावच्या लेकीसुना इथं आल्या आणि धड परत गेल्या. भरवसा तिचा होता, पण राखण करत होते ते बायांचे आपसातले खुणेचे शब्द.

जीन स्टेशनाला लागून होता. कुंपणापलीकडे रूळ, त्यामुळं रेल्वेचे शब्द इकडे यायचे आणि बाया त्यांना आपल्या कामाला लावायच्या. मॅनेजर भगवानराव म्हणजे मालगाडी, कारण कचेरीतून रेच्यापर्यंत यायला त्यांना अर्धा तास लागायचा. खोटारडी बाई म्हणजे दोन नंबरी, सरकी राहिलेल्या रुईसारखी. हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पण 'सिंगल पडलं' म्हटलं की कुणी हसायचं नाही. सिग्नलचा हात पडला की गाडी येते, तसा इंद्रभान मुकादम येतोय, त्याची नजर बरी नाही, एकटी असशील तर सरक. हा शब्द एका तोंडातून दुसऱ्या तोंडात असा जायचा की मुकादम चार पावलं टाकेपर्यंत रांगेच्या टोकाला पोचलेला असायचा. 'गारड घे' म्हणजे गोदामात जाताना एखादी वडीलधारी बाई सोबत ने. तो गेला की 'लाइन किलेर'. यातले निम्मे शब्द तरी गोजरबाईच्याच तोंडून निघालेले होते.

कचेरीतला कारकून निवृत्ती हाही रोहिणखेडचाच. मॅट्रिक झालेला, गोजरबाईला मावशी म्हणणारा. नागपूरच्या एका मासिकानं वाचकांकडून आपापल्या भागातले नवे शब्द अर्थासकट मागवले होते, म्हणून पंधरा दिवस दुपारच्या सुट्टीत तो वही घेऊन निंबाखाली येऊन बसला. गोजरबाई सुखावली. उभ्या जन्मात तिला कुणी कशाचा अर्थ विचारला नव्हता. तिनं सगळं सांगितलं, सिंगलचाही अर्थ सांगितला, मुकादमाच्या नावासकट.

"जसं सांगतलं तसंच लिहिजो," ती म्हणाली. त्यानं मान हलवली.

या आठवड्यात सोमवारी मासिक आलं आणि निवृत्तीनं ते कचेरीत मोठ्या हौसेनं वाचून दाखवलं. भगवानराव पोट धरून हसले. मुकादम दाराशी चहा पीत ऐकत होता. मंगळवारपासून तो स्वतःच रांगेतून फिरताना ओरडायला लागला, "सिंगल पडलं बरं का." ओरडून डोळा मारायचा. बायांनी तो शब्द गिळला. दुसरा शब्द काही एका दिवसात उगवत नाही. गुरुवारी रुख्मिणी टोपलं घेऊन एकटीच गोदामाकडे गेली. तिला कुणी काही म्हणालं नाही, कारण म्हणायला कुणाकडे काही उरलंच नव्हतं. गोजरबाईनं मान वर केली तेव्हा पोरीची जागा रिकामी होती आणि मुकादमही कुठं दिसत नव्हता.

आता रुख्मिणीचा हात धरून ती कचेरीत गेली. भगवानरावांनी मनगट पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं आणि मग टेबलावरचं मासिक उचलून तिला वाचून दाखवलं. सिंगल पडणे: आवडता माणूस येत असल्याची खूण, जिनातल्या बाया थट्टेने वापरतात. खाली तिचं नाव होतं, गावासकट.

"हे तुम्हीच सांगितलंत ना, बाई?" त्यांनी विचारलं. "तुमच्या तोंडी असली भाषा. मग माणसानं जरा गंमत केली की बोभाटा करता."

"म्या असं नाई सांगतलं."

"छापलंय."

कोपऱ्यात निवृत्ती कागदात डोकं खुपसून बसला होता. त्यानं ते वर केलं नाही. दोघींनाही कामावरून काढल्याचं भगवानरावांनी सांगितलं, आणि अंगणात दुपारचा भोंगा झाला.

बाया निंबाखाली भाकरी सोडत होत्या. निवृत्ती मागून धावत आला. मावशी, खरं लिहिलं असतं तर माझी नोकरी गेली असती, मासिकानंही ते छापलं नसतं, आणि तुझं नाव तर मी मुद्दाम घातलं, असं तो एका दमात बोलून गेला. त्याचा आवाज रडवेला झाला होता. तिला त्याची कीव आली नाही. मुकादम निदान जसा होता तसा दिसत तरी होता. हा पोरगा तिच्या शेजारी बसून, तिच्या हातची भाकरी खाऊन, तिचं बोलणं उलटं करून विकून आला होता.

"आणलं काय ते पुस्तक? वाच इथं, समद्याईपुढं. कचेरीत वाचलं तसं."

त्यानं वाचलं. बायांनी ऐकलं आणि त्यांच्या माना खाली गेल्या. मुकादम हौदावर हात धूत होता.

"आता माह्या तोंडून ऐका," गोजरबाई म्हणाली, आणि हौदाकडे तोंड करून उभी राहिली. "सिंगल पडलं म्हंजे इंद्रभान मुकादम येऊन राह्यला, एकटी राहू नको. असा अर्थ हाय त्याचा. आपलेच शब्द होते अन् आपल्याच गावच्या पोट्ट्यानं इकले."

मुकादमाचे हात पाण्यातच राहिले. बायांनी भाकरीची फडकी बांधली. पुन्हा भोंगा झाला तशा त्या पदर सावरत उठल्या आणि आत गेल्या. पोटासाठी गेल्या हे गोजरबाईला कळत होतं, तरी तिला त्यांचाही राग आला. बावीस वर्षांत ज्यांना ज्यांना तिनं गोदामाच्या दारातून ओढून काढलं होतं, त्यांतली एकही मागं वळून पाहत नव्हती.

चौथ्या दिवशी दोघी मोताळ्याच्या रस्त्यावरच्या एका वावरात कापूस वेचायला गेल्या. मजुरी निम्मी होती. तिथंही बायांवर लक्ष ठेवायला एक माणूस होता, पान खाणारा, बांधावरून रुख्मिणीकडे टक लावून बघणारा. शेजारची बाई गोजरबाईच्या कानाशी लागून, तोंडावर पदर घेऊन, त्याच्याबद्दल काहीतरी पुटपुटली. तो त्या वावरातल्या बायांचा खुणेचा शब्द असावा.

"नाव सांग त्याचं," गोजरबाई म्हणाली.

बाईनं ते हळूच सांगितलं. गोजरबाई ओटीतल्या कापसासकट ताठ उभी राहिली.

"पंजाबराव," ती बांधापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाली. "रुखमे, त्या माणसाचं नाव पंजाबराव हाय. ध्यानात ठेव."

तो माणूस पान चघळायचा थांबला. वेचणाऱ्या बायांनी एकेक करून माना वर केल्या, आणि रुख्मिणीनं पट्टी बांधलेल्या हातानं पुढचं बोंड तोडलं.