गुस्तिलो सरांचं कार्ड

फिलिपिन्समधल्या आमच्या इलोइलोच्या लॉ कॉलेजात गुस्तिलो सरांनी कार्डांची गड्डी पिसायला घेतली की भलेभले मान खाली घालून वह्या चाळायला लागायचे. प्रत्येक विद्यार्थ्याचं एक कार्ड, त्यावर फोटो. ज्याचं निघेल त्यानं उभं राहून उत्तर द्यायचं. नाही आलं, तर दुसरं कुणी देईपर्यंत उभंच. मग सरांचं ठरलेलं वाक्य, "बस आता. पुढच्या वेळी तयारी करून ये." मी दोन मुलांची आई, पण हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की विचारू नका.

यंदा नव्या डीनबाईंनी फर्मान काढलं: पाठांतर पुरे, शनिवारी खरी माणसं बोलवा, त्यांच्या अडचणी सोडवा. सर म्हणाले, "सोडवू की! पण कार्ड काढूनच."

घ्या! आता सल्लाही सोडतीनं! मला असा राग आला म्हणून सांगू! कॉलेजच्या कॅलेंडरवरचा सरांचा फोटो कापला, कोऱ्या कार्डावर चिकटवला आणि दिला गड्डीत सारून.

पहिल्याच शनिवारी सुकी मासळी विकणाऱ्या मानांग पासिंग आल्या; मानांग म्हणजे आमच्याकडे ताई. बाजारातला तीस वर्षांचा गाळा सोमवारी दुपारपर्यंत रिकामा करा, अशी बाजाराच्या ऑफिसची नोटीस हातात. रडून डोळे सुजलेले. सर गड्डी पिसायला लागले तशी मानांगनी ती ओढूनच घेतली.

"न बघता कुणी मासा तरी घेतं का?" म्हणत त्यांनी कार्डं टेबलावर पसरली. एकेक चेहरा निरखला. "ही सगळी कोवळी पोरं. हा म्हातारा बरा दिसतो. हाच द्या."

माझी पाचावर धारण बसली. सरांनी कार्ड बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. पण नियम त्यांचाच. उभे राहिले. कलमं, पोटकलमं, जुने निवाडे, सगळं घडाघडा म्हणून दाखवलं.

"ते राहू दे हो," मानांग म्हणाल्या. "सोमवारी मासळी आणू का नको?"

सरांनी पुन्हा पहिल्या कलमापासून सुरुवात केली. शेवटी मलाच राहवेना.

"आणा, मानांग. तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय असं हुसकावता येत नाही. आत्ता अर्ज लिहू. सोमवारी ऑफिस उघडलं की मी बरोबर येते. पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही."

मानांगनी डोळे पुसले. उभ्या सरांकडे त्यांचं लक्ष गेलं.

"बसा हो आता. पुढच्या वेळी जरा तयारी करून या."

सर बसले.

सोमवारी अर्ज घेतला गेला. सुनावणी होईपर्यंत गाळा राहिला, मासळीही विकली गेली. पुढच्या शनिवारी मी सरांचं कार्ड गुपचूप काढायला लवकर गेले. गड्डीत ते होतंच. फक्त माझा वेडावाकडा कापलेला फोटो काढून सरांनी टाय घातलेला नवा फोटो लावला होता.