हिवराची जागा

काटा अंगठ्यात रुतला आणि उद्धवराव जागीच थांबले. सुबाभळीला काटा नसतो.

त्यांनी अंगठा तोंडात धरला, दुसऱ्या हाताने डहाळी खाली ओढली आणि चष्मा कपाळावर सारून नीट पाहिलं. काटे जोडीजोडीने होते, पानाच्या देठापाशी, पांढुरके आणि सरळ. फुलांचे गोंडे सुबाभळीसारखेच फिकट, पण इथे फांदीच्या टोकाला त्यांचा भरगच्च तुरा होता. खोड वाकडं, म्हातारं, कवेत न मावणारं. मे महिन्यात याच झाडाला त्यांनी सुबाभूळ म्हणून नोंदवलं होतं आणि खाली स्वतःची सही ठोकली होती.

उद्धवराव मूळचे धाराशिवकडचे. भोसरीतल्या एका कंपनीत बत्तीस वर्षं ड्राफ्ट्समन. पहिली वीस वर्षं ड्रॉइंग बोर्डावर गेली, मग कॉम्प्युटर आले आणि साहेबांनी त्यांना प्रिंट रूममध्ये नेऊन बसवलं. तिथूनच ते रिटायर झाले. रहाटणीच्या दोन खोल्यांत बसून बायकोच्या स्वयंपाकातल्या चुका काढायला लागले, तेव्हा तिनेच त्यांना घराबाहेर काढलं. शेजारचा निरंजन एका खासगी एजन्सीत सुपरवायझर होता. चाकणकडे कुठल्या कंपनीला शेड वाढवायची असली की आधी प्लॉटवरच्या झाडांची यादी द्यावी लागते. ती यादी करायचं काम या एजन्सीकडे. टेप सरळ धरणारा आणि खाडाखोड न करता लिहिणारा माणूस त्याला हवाच होता.

अडचण एवढीच की उद्धवरावांना झाडांतलं ओ की ठो कळत नव्हतं. कडुलिंब आणि पिंपळ सोडले तर बाकी सगळी त्यांच्या लेखी नुसती झाडं. निरंजनने मोबाइलवरचं एक ॲप दाखवलं, पण यांचा विश्वास पेन्सिलीवर. त्यांनी शंभर पानी वही आणली आणि झाडं काढायला घेतली. काढली ती अर्थात त्यांना येत होती तशीच: पान वरून, पान बाजूने, शेंगेचा छेद, आणि बाणांच्या रेघा ओढून मिलिमीटरमध्ये मापं. "पान हाय का बेअरिंग हाय हे?" असं बायको विचारायची.

पण एकदा काढलेलं पान ते विसरत नसत. साठीनंतर माणसाच्या नव्या ओळखी होतात त्या डॉक्टरांशी. उद्धवरावांची करंजाशी झाली, भोकराशी झाली, वावळ्याशी झाली. रस्त्याने जाताना स्कूटर कडेला घेऊन ते पानाखालची लव बघत बसत आणि मागून कंटेनरवाले शिव्या घालत जात. इतकी वर्षं आपण या गावात राहिलो आणि कोणाची साधी चौकशीही केली नाही, याचं त्यांना खरोखर वाईट वाटे. ज्या झाडाचं फूल तेव्हा मिळालं नसेल, त्याच्या पानावर ते चौकोन आखून रिकामा सोडत, आणि रविवारी स्वतःच्या पेट्रोलने तिथे परत जाऊन तो भरून आणत.

भाद्रपदातल्या या रविवारी ते तसाच एक चौकोन भरायला आले होते. मे महिन्यात प्लॉटच्या या कोपऱ्यात घाणेरीचं रान माजलेलं होतं. उन्हाने डोकं तापलेलं, निरंजन बाहेर गाडी चालू ठेवून उभा. उद्धवरावांनी कडेची एक सुबाभूळ व्यवस्थित मोजली, तिचं पान काढलं आणि आत नजर टाकली. सगळीकडे तीच बारीक, पिसासारखी पानं. ड्रॉइंगमध्ये सारखी भोकं असली की एकाला माप देतात आणि बाकीच्यांपुढे 'तसेच' लिहितात. बत्तीस वर्षांची सवय. त्यांनी लिहून टाकलं: 'सुबाभूळ, तसेच १४.' सुबाभूळ तोडायला परवानगी लागत नाही, हे निरंजनने त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

आता जेसीबीने घाणेरी काढली होती, म्हणून झाडाच्या बुंध्यापर्यंत येता आलं आणि काटा भेटला.

"हिवराला हात लावायचा तर बेतानं लावावा, सायेब," मागून कोणीतरी म्हणालं.

एक म्हातारी उभी होती. हातात तांब्या, नऊवारीचा काष्टा वर खोचलेला. अंबूबाई तिचं नाव. हा प्लॉट आधी तिच्या घरचं शेत होता, आणि दर रविवारी काम बंद असलं की गेटवरचा भीमराज तिला आत सोडायचा. ती झाडाला वळसा घालून उगवतीच्या बाजूला गेली, खाली बसली आणि तांब्यातलं पाणी एका जागी बारीक धारेने ओतलं.

एवढ्याशा पाण्याने एवढ्या झाडाचं काय होणार, असं उद्धवरावांनी सहज विचारलं.

"झाडाला न्हाई," ती म्हणाली. "पोरीला."

मग तिने सांगितलं, तेही बाजारातला भाव सांगावा तशा सरळ आवाजात. पहिली मुलगी. अकरा दिवस जगली. दुसऱ्या दिवशी बारसं होतं, पाळणा शेजारणीकडून आणून ठेवला होता. एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत, म्हणून सासऱ्यांनी बांधावरच्या हिवराखाली ठेवली. पुढे चार मुलं झाली, मोठी झाली, जमीन कंपनीत गेली, नवरा गेला. "नाव ठिवायचं ऱ्हाऊन गेलं तिचं. मग हिवराकडं जाते म्हणायचं. घरात समद्यांला कळतं."

हे झाड आपल्या सहीने सुबाभूळ म्हणून तोडायच्या यादीत गेलंय, हे उद्धवरावांच्या जिभेवर आलं होतं. मघाशी काट्याचं चित्र काढायला घेतलं होतं, ते वहीतलं पानही उघडंच होतं. पण म्हातारीने त्यांच्या चित्राकडे पाहून काटा बरोबर आलाय असं म्हटलं, आणि त्यांचा धीर झाला नाही. आधी दुरुस्ती करू, मग सांगायची गरजच पडणार नाही, असं त्यांनी ठरवलं.

त्या दुपारी त्यांनी हिवर पूर्ण काढला. एवढ्या काळजीने त्यांनी आयुष्यात काही काढलं नव्हतं. फांद्या, ढोली, काटे, तुरे. आणि भीमराजला टेपचं टोक धरायला लावून कंपाउंडच्या कोपऱ्यातल्या खांबापासून खोडाच्या मध्यापर्यंतची मापं. उत्तरेच्या भिंतीलगत २१४००, तिथून काटकोनात आत ८६५०. खाली नाव लिहिलं, हिवर, आणि तारीख घातली.

सोमवारी निरंजनने चित्र बघून आधी कौतुक केलं, मग कपाळाला हात लावला. रिपोर्ट मेमध्येच गेला होता. तरी मुलगा सज्जन. त्याने चित्राचा फोटो जोडून कंपनीला मेल पाठवला, चौदापैकी एक झाड हिवर आहे, यादी सुधारून घ्यावी. पुढच्या खेपेला बघू, असं उत्तर आलं.

उद्धवराव यावर निर्धास्त झाले. आता मागे वळून पाहताना त्यांना स्वतःचा राग येतो तो इथे. कंपनीत ड्रॉइंग सुधारलं की जुनी प्रिंट वर्कशॉपमधून परत मागवायची, तिच्यावर 'रद्द'चा शिक्का मारायचा आणि ती फाडून टाकायची. शेवटची बारा वर्षं हेच काम त्यांनी केलं होतं. सुधारलं म्हणजे सुधारलं, अशी त्यांची समजूत. इथे जुनी प्रिंट साइटवरून कोणी परत मागवतं का, हे त्यांनी विचारलंच नाही. रविवारी मात्र ते जात राहिले. ते चित्र काढत आणि अंबूबाई पाणी घालून झाल्यावर थोडा वेळ बसे, त्यांना झाडांची गावातली नावं सांगे, चुकलेलं पान दाखवून देई. त्यांना ते आवडायला लागलं होतं, आणि म्हणून सांगणं आणखी अवघड झालं.

दसऱ्यानंतरच्या बुधवारी भीमराजचा फोन आला. तो परभणीकडचा, मोजकंच बोलायचा. "काका, ते झाडं पाडलेत. मी म्हणलो तेंला, त्या एकाचं थांबा. तेंनी कागद दाखविला मला. चौदाच्या चौदा."

उद्धवराव पोचले तेव्हा लाकडं भरून ट्रक निघून गेला होता. बुंध्यांसकट सगळं उपटून काढलं होतं आणि खड्ड्यांत मुरूम ओतणं चालू होतं. निरंजनला फोन केला. तो हळहळला, मग म्हणाला की मेल मात्र त्याच्याकडे आहे, हवा तर पुन्हा पाठवतो.

चार रात्री त्यांना नीट झोप लागली नाही. न जाण्याचा विचार मनात आला, एकदा नव्हे, पाच-सहा वेळा आला. शेवटी रविवारी ते अंबूबाईच्या आधी गेटवर जाऊन उभे राहिले.

ती आली, आत पाहिलं आणि तांब्या दोन्ही हातांत धरून थांबली. भिंतीपासून भिंतीपर्यंत सपाट लाल मुरूम, त्यावर रोलरचे पट्टे. सोमवारी काँक्रीट पडणार होतं.

"हिवर कुटं गेला?" तिने विचारलं.

"तोडला. माझ्यामुळे तोडला. मी कागदावर त्याला सुबाभूळ लिहिलं. सही माझी आहे."

ती त्यांच्याकडे वळली. "काटा दिसला न्हाई?"

"जवळ आलोच नव्हतो मी."

"आन् म्हाईत कवा झालं?"

"तुम्ही पहिल्यांदा भेटलात, त्या दिवशी."

अंबूबाईने मनातल्या मनात काहीतरी मोजलं. "चार आयतवार माज्यासंगं बसला तुमी," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "सांगितलं आसतं, तर मूठभर माती तरी घेऊन गेले आसते घरी."

उद्धवरावांना लाज वाटत होती, आणि ती कुठे ठेवावी हे कळत नव्हतं. भीमराज गेटच्या कडीशी उगाच चाळा करत होता.

"जागा तरी दावा," ती म्हणाली.

त्यांनी पिशवीतून वही काढली, टेप काढला. भीमराज न सांगता कोपऱ्यातल्या खांबाशी जाऊन टोक धरून बसला. एकवीस मीटर चाळीस. खूण केली. मग काटकोनात वळून आठ मीटर पासष्ट. उद्धवराव वाकून तिथे उभे राहिले आणि बोटाने मुरमावर फुली काढली. खोड इथे होतं, असं त्यांनी सांगितलं.

अंबूबाईने फुलीकडे पाहिलं, मग सूर्याकडे. "उगवतीच्या अंगाला, दोन हातांवर," ती म्हणाली.

टेप ठेवून उद्धवराव खाली बसले. म्हातारी गुडघ्यांवर बसली, कोपर फुलीवर टेकवून तिने हात मुरमावर लांब केला, बोटांच्या टोकाशी खूण करून पुन्हा एकदा कोपर टेकवलं. दुसऱ्यांदा बोटं जिथे पोचली तिथे तिने तळहात थोडा वेळ तसाच ठेवला. मग तांब्या तिरका करून बारीक धारेने सगळं पाणी ओतलं.

मुरूम रोलरने दाबलेला होता, पाणी लवकर जिरत नव्हतं. ते जिरेपर्यंत तिघांपैकी कोणी उठलं नाही.