दुसऱ्याच्या दोरीवर चाललेली बोट

“ऊठ! अंधारातून ऊठ!”

ब्रदर मॉर्ली असा गरजला की मच्छीमार संघाच्या हॉलमधली निम्मी माणसंच खुर्च्यांवरून उठली, जणू हुकूम त्यांना होता. टेबलावर हब हाइन्सचा कॉम्प्युटर होता. महिनाभर तो निळ्या पडद्याच्या पुढे सरकत नव्हता. ब्रदरने त्याच्यावर जांभळं कापड टाकलं, कापडाखाली दोन्ही हात घातले आणि डोळे मिटून पुटपुटायला लागला. डब्यातून घरघर आली. मग स्क्रीन उजळली. हिरवं कुरण, स्वच्छ अक्षरं, हलणारा बाण!

“पाहिलंत? वायर हीच नस, करंट हाच प्राण. आणि व्हायरस म्हणजे दुसरं कोण? सैतान! तोच जुना सैतान, नोकरी तेवढी नवी!”

हॉल हसला, रडला, टाळ्या पिटल्या. कुणी बाटलीत भरलेलं मूस हरणाचं मांस पुढे ठेवलं, कुणी खारवलेला कॉड मासा. दोन महिन्यांपूर्वी हा फिरता धर्मोपदेशक बोटीतून स्किफ कोव्ह गावात उतरला तेव्हा त्याची मान कॉलरमध्ये खुळखुळत होती. आता हनुवटीखाली दुसरी हनुवटी आली होती.

“आता तीन दिवस हा माझ्याकडे उपासाला,” ब्रदर म्हणाला. “चौथ्या दिवशी पुनर्जन्म!”

तिसऱ्या रांगेत मेल्व्हिना कीपिंग बसली होती. मासे साफ करायच्या कारखान्यात तिने तीस वर्षं मुकादमी केलेली. शाळा तिसरीत सुटली, तोंड मात्र कधी मिटलं नाही. एरवी तिने या ब्रदरला उभा सोलला असता. आज ती टाळ्या वाजवत होती. शेजारी नवरा सेल्बी, गळ्याला रुमाल बांधलेला.

मार्चमध्ये कॅन्सरपायी सेल्बीचं स्वरयंत्र काढलं. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात त्याने कॉम्प्युटरपुढे बसून नऊ वेळा आपलं बोलणं भरून ठेवलं. कुठला कळस कुठल्या खडकाच्या रेषेत आला की खाली मासे, असल्या खुणा, आणि बाकी नुसतंच बायकोशी. लिहिता त्याला येत नव्हतं. चाळीस वर्षांच्या संसारातला आवाज तेवढाच उरला होता, त्या डब्यात. मेल्व्हिना रोज एक ऐकायची, पुरवून पुरवून. मग कुठलासा व्हायरस शिरला, घाणेरड्या जाहिराती नाचल्या, आणि सप्टेंबरपासून नुसता निळा पडदा. घर इतकं गप्प झालं की ती किटलीशी भांडायला लागली.

“पुढच्या रविवारी आमचा घ्या, ब्रदर,” ती म्हणाली. इतका मऊ आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

दाराबाहेर शेजारच्या एफी पार्डीने तिची बाही धरली. “मेल, देऊ नकोस. माझा घेतला होता ना त्याने तीन दिवस. परत आला तो कोरा करकरीत. माझ्या बहिणीचे फोटो गेले गं. एकही नाही. म्हणतो, सैतानाने खाल्ले, तुझ्या श्रद्धेला भोक होतं.”

“मग आधी सांगायला तुझी जीभ कुणी खाल्ली होती?”

“भोक आहे म्हणून गावाला सांगत फिरू?”

मेल्व्हिना घरी आली. आठवडाभर तिला घास गेला नाही. द्यावा तर आवाज जाणार, न द्यावा तर आवाज येणारच नाही.

शनिवारी सकाळी एफीच शाळेतल्या थेरेसा डर्नफर्डला घेऊन आली. थेरेसा पोरांना कॉम्प्युटर शिकवायची.

“मावशी, मला एकदा बघू दे.”

“तुझ्या घरात तीन पिढ्यांत कुणाला धड जाळं विणता आलं नाही. तू काय बघणार?”

“जाळं नाही विणायचंय, डिस्क घालायचीय. नाही जमलं तर उद्या ब्रदर आहेच.”

थेरेसाने खिशातून एक चकचकीत डिस्क काढली, डब्याचा खण उघडून आत सरकवली. घरघर झाली. आणि मेल्व्हिनाच्या स्वयंपाकघरात तेच हिरवं कुरण उगवलं.

“अगं बया! तूपण मंत्र शिकलीस?”

“मंत्र कसला? ही लिनक्सची डिस्क आहे, विंडोजऐवजी मशीन चालवणारी. फुकट मिळते, कुणीही कॉपी करावी. ब्रदरच्या कापडाखाली हीच असते. मावशी, कॉम्प्युटर बरा झालेला नाही. तुझं विंडोज आत झोपलंय आणि व्हायरस त्याच्याच बिछान्यात झोपलाय. मशीन आत्ता या डिस्कच्या डोक्याने चाललंय.”

मेल्व्हिनाच्या कपाळावरची आठी जाईना. तेव्हा सेल्बी उठला. त्याने दोन कप घेतले, दोन्हींचे कान एका सुतळीने बांधले, एक ओढला. दुसरा टेबलावरून मागोमाग खडखडत आला. सेल्बीने मागच्या कपावर बोट ठेवलं आणि मान हलवली: याचं इंजिन बंद.

“हत् मेल्या!” मेल्व्हिना ओरडली. “दोरीने ओढलेली बोट!”

“तसंच,” थेरेसा म्हणाली. “पण ओढत आणली की सामान तर उतरवता येतं ना? व्हायरस झोपलेला असताना लपूही शकत नाही.” तिने डिस्कवरूनच आतला कोपरा न् कोपरा तपासला आणि एकशे बारा ठिकाणी लागलेली कीड कागदावर टिपून घेतली. मग सेल्बीच्या नऊ फाइल्स सापडल्या. दोन उचलल्याच जाईनात, सात तिने पेन ड्राइव्हवर घेतल्या.

“लाव. आत्ता लाव.”

थेरेसाने लावली. शांतता. पुन्हा लावली. शांतता.

“या डिस्कला तुझ्या मशीनच्या आवाजाचा भाग ओळखता येत नाहीये. शाळेचा लॅपटॉप कपाटात आहे, किल्ली हेडमास्तरांकडे, ते उद्याच्या बोटीने येतील. आवाज शाबूत असेलच असं मी सांगत नाही, मावशी. खोटं कशाला बोलू?”

मेल्व्हिनाने डब्यावर बोट ठोकलं. “आणि हे सगळं ठेवलेलं असतं कशात?”

“हार्ड डिस्कमध्ये. एवढीशी पेटी.”

“काढ ती बाहेर.”

रविवारी दुपारी हॉल काठोकाठ भरला होता. जांभळं कापड, पुटपुट, घरघर, आणि हिरवं कुरण.

“गेला!” ब्रदर मॉर्ली हात पसरून म्हणाला. “सैतानाला या पोटातून पळताना मी बघितलं!”

“याच पोटातून? नक्की?” मेल्व्हिना टेबलापाशी आली.

“मावशी, या पोटात आता पवित्र शांतता आहे.”

“असणारच. पोट माझ्या खिशात आहे.”

तिने ॲप्रनच्या खिशातून हार्ड डिस्क काढून टेबलावर आपटायला नेली आणि अगदी हलक्या हाताने ठेवली. “विंडोज यात, सैतान यात, माझा सेल्बी यात. तू कशातून काय काढलंस रे?”

थेरेसाने कापड ओढलं, खण उघडून डिस्क वर धरली. स्क्रीनवरचं कुरण जागच्या जागी थिजलं.

“याने तुमच्या बोटी दोरीने ओढल्या,” मेल्व्हिना म्हणाली. “आणि तुम्ही सगळे जन्माचे कोळी, धक्क्यावर उभं राहून टाळ्या पिटलात, की इंजिन बरं झालं!”

हब हाइन्स उभा राहिला. “म्हणजे माझं इंजिन त्या रविवारी बंदच...?”

“तीन दिवसांत हा सगळं पुसून नवं विंडोज टाकतो,” थेरेसा म्हणाली. “पुनर्जन्म तो हाच. जुनं वाचवायचं कसं ते त्याला येत नाही.”

“माझ्या बहिणीचे फोटो सैतानाने नाही, याने खाल्ले!” एफी किंचाळली.

“आणि सेल्बीचा आवाज?” ब्रदर दाराकडे सरकत ओरडला. “तो आणलास का? नाही ना? तोही गेला!”

हेडमास्तर किल्ली घेऊन त्याच दुपारच्या बोटीने आले होते. थेरेसाने शाळेचा लॅपटॉप उघडून पहिली फाइल लावली. नुसती खरखर. दुसरी. खरखर. मेल्व्हिनाने सेल्बीचा हात धरला. तिसरी लावली. काहीच नाही. मग एक खाकरणं.

“चालू झालं का गं हे? लाल दिवा लागलाय... मेल, तू गप्प आहेस म्हणजे रागावलीयस. बोल की. मी किती बडबडू एकट्याने?”

सेल्बीचे ओठ त्या शब्दांबरोबर हलत होते.

सातांतल्या चारच शाबूत निघाल्या. एफीचे फोटो परत आले नाहीत. ब्रदर मॉर्ली त्याच दिवशीच्या बोटीने गेला. थेरेसाने शाळेत टेबल मांडलं. डिस्क घालायची कशी, किडलेल्या मशीनमधून आपलं आधी बाहेर काढायचं कसं, मग कीड कशी मारायची, सगळं झाकण उघडं ठेवून दाखवलं, आणि प्रत्येकाला एकेक डिस्क दिली.

पण त्या दुपारी, हॉल सुटण्याआधी, मेल्व्हिना खुर्चीवर चढली होती. नाक ॲप्रनला पुसत म्हणाली, “बाबांनो, कुणी वस्तूवर कापड टाकलं की आधी विचारा, खाली काय आहे. उघडून दाखव म्हणा. दाखवत नसेल तर वस्तू देऊ नका, मग तो कुणाचंही नाव घेवो. आणि रडत असलात तरी विचारा. मी रडत होते, म्हणूनच मी विचारलं नव्हतं.”